वारेतलं प्लास्टिक



२०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत आपलं कराड देशात पहिलं आलं. रस्ते झाडले गेले. पण मला काळजी आहे ती न दिसणाऱ्या कणांची. इटलीतल्या संशोधकांनी सहा बाळंतिणींची वार तपासली. चौघींच्या वारेत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. ज्या वारेतून बाळ पोसतं, तिच्यातच! बाळाला अपाय किती, याचा शोध चालू आहे. तोवर गप्प का बसायचं? कढत चहा प्लास्टिकच्या पिशवीतून नको, किटलीतून आणा. पण पोटुशीलाच नियम शिकवू नका. पिशव्या तिनं बनवल्या नाहीत. २०१८ ची राज्याची प्लास्टिकबंदी बाजारात का दिसत नाही, हे आपण मिळून नगरपालिकेला विचारू या.