काय दिलं, कधी दिलं?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या बैठकीत लेकराबाळांच्या औषधांचा विषय कशाला, असे काही जण विचारतील. पंधरा मिनिटे द्या.

कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरत गेली, बोटासारखी निमुळती झाली, की आपण म्हणतो व्हायरस आला. दुकानदार एक बाटली देतो, तिने काही होत नाही, मग दुसरी देतो. आम्ही शेतकीचे पदवीधर. अशा शेतात गेलो की आधी विचारतो, पंप कोणाचा? त्यात अगोदर काय भरले होते? बऱ्याचदा निघते की त्याच पंपाने ज्वारीत तणासाठी टू-फोर-डी मारले होते. म्हणजे रोग नव्हताच, आपणच घातलेले औषध होते.

हा प्रश्न आम्ही कितीतरी बांधांवर विचारला. एका लेकराच्या बाबतीत विचारायचा होता, तेव्हा मात्र विचारला नाही.

शेजारच्या घरची सात वर्षांची मुलगी. तिला झटके येत, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. गोळी चुकीची नव्हती. पंधरा दिवसांनी ताप आला, डोळे लाल झाले, घसा दुखू लागला. मग अंगावर चट्टे. सगळे म्हणाले, गोवर. आजीने दाराला कडुलिंबाचा पाला लावला. आम्हीही ओट्यावर उभे राहून मान डोलावली. गोळी दोन्ही वेळा नेमाने चालूच, कारण एकही चुकवू नका असे बजावले होते. तिसऱ्या दिवशी तोंड आतून फोडांनी भरले, पाणी गिळेना, पाठीला हात लावला तर कातडी सुटून आली. मोठ्या दवाखान्यात पहिलाच प्रश्न झाला, नवे औषध कोणते आणि कधीपासून? पोरगी वाचली. एका डोळ्याने तिला अजून अंधुकच दिसते.

या आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात. फार क्वचित होतो. झटक्यांच्या काही गोळ्या आणि सल्फाची औषधे ही त्याची नेहमीची कारणे. औषध सुरू केल्यापासून बहुधा पहिल्या महिना-दोन महिन्यांत उठतो. गोवरातही डोळे लाल होतात, म्हणून फसगत होते. पण गोवराचे पुरळ असे दुखत नाही, त्यात कातडी फोड येऊन सोलत नाही. नवे औषध चालू असताना ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड आणि दुखरे चट्टे दिसले, की पुढचा डोस देण्याआधी दवाखाना गाठायचा, त्याच दिवशी. झटक्यांची गोळी घरच्या घरी बंद करून बसून राहू नका, त्याने झटके उसळतात. दुसरी कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

दुसरी गोष्ट लघवीची. हिवतापाच्या एका प्रकारात प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस देतात. त्या लागतातच. पण काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते, मुलग्यांत हे जास्त. अशा मुलाला ती गोळी दिली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, मूल पांढरे पडते, धापा टाकते. आपण म्हणतो कावीळ, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतो. कपड्यांतल्या डांबरगोळीनेही अशा मुलाला हेच होऊ शकते, हे किती जणांना ठाऊक आहे?

आणि लघवी थांबणे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या सीमेपलीकडे छिंदवाडा जिल्ह्यात काय घडले, ते विसरलो नसू. साधा सर्दी-खोकला, त्यावर कोल्ड्रिफ नावाचे गोड औषध. मग उलट्या, आणि लघवी बंद. कित्येक लेकरांना नागपूरला आणले. वीसहून अधिक दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे द्रव्य तपासणीत ४८.६ टक्के निघाले. चालणारी मर्यादा ०.१ टक्के. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली हेच विष ग्लिसरीनमधून गेले आणि १४ रुग्ण मेले. लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच! बियाण्याची पिशवी बोगस निघाली तर आपण पंचनामा मागतो. लेकराच्या बाटलीचा पंचनामा कोणी मागत नाही.

ही रिअ‍ॅक्शन नव्हे, सरळ विषबाधा. पण आईला दिसणारी खूण साधी आहे. औषध घेणारे मूल उलट्या करते, पोट धरते, आणि सकाळपासून लघवीलाच गेलेले नाही. हे सर्दीत होत नाही. तोंड सुजेपर्यंत, मूल गुंगेपर्यंत थांबू नका. खोकल्याचे औषध दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये आणि पाचाखाली सहसा देऊ नये, असे केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितले आहे.

अ‍ॅस्पिरिनचे थोडक्यात. फ्ल्यू किंवा कांजिण्यांच्या तापात मुलाला ते दिले, तर क्वचित यकृत आणि मेंदूवर जाते. ताप उतरल्यावर मूल सारख्या उलट्या करते, मग बरळते, झोपाळते. अंगदुखीच्या गोळ्या आणि पुड्या किराणा दुकानात मिळतात. मोठ्या माणसाची अर्धी गोळी पोराला देणे बंद करा. निमेसुलाइड तर बारा वर्षांखाली देण्यास २०११ पासून मनाई आहे.

याचा अर्थ औषधाला भ्यायचे असा नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव पोरांना गोळीने बरेच वाटते. काम एवढेच की स्ट्रिपवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहायची, बाटली रिकामी झाली तरी मूल खडखडीत बरे होईपर्यंत फेकायची नाही. बॅच नंबर तिच्यावरच असतो. फवारणीत विषबाधा झाली की आपण डबा सोबत नेतो ना, तसेच. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण सांगायचे, हे दिले, या दिवसापासून. काही डॉक्टर चिडतील. चिडू द्या.

औषधाचा त्रास कळवायला सरकारचा फुकट फोन आहे, १८००-१८०-३०२४. गाडीसाठी १०८. तालुका प्रतिनिधींनी दोन्ही क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने नको, रंगाने लिहून घ्यावेत. मागे बसलेल्या बहिणींपैकी कोणाच्या घरी सध्या झटक्यांची किंवा हिवतापाची गोळी चालू असेल, तर चहाच्या वेळी आम्हाला भेटा. आता कापसाचे घेऊ.