हिमयुगाचा आरंभ : ऊन आणि समुद्र



 गोव्यात दोना पावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असल्यामुळे सागरतळाच्या गाळातून भूतकाळ वाचणाऱ्यांना ही भूमी परकी नाही. हिमयुग सुरू कशाने होते, या प्रश्नावर ऊन की समुद्र असा वाद घातला जातो. ही फाळणीच चुकीची आहे, असे माझे मत आहे.

उन्हाची बाजू भक्कम आहे. पृथ्वीच्या भ्रमणातल्या फेरांमुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा मंदावला की हिवाळ्यातले बर्फ वितळत नाही, साचत जाते, हे मिलुटिन मिलांकोविच यांनी गणिताने मांडले. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६मध्ये त्याला पुरावा दिला, तो दक्षिण हिंदी महासागराच्या गाळातून. त्या गाळात फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे असतात. हलक्या ऑक्सिजनचे पाणी अधिक सहज वाफ होऊन हिमथरांत अडकते, समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि ते कवचांत उतरते. या नोंदींत सुमारे २३, ४१ आणि १०० हजार वर्षांची आवर्तने सापडली. पृथ्वीच्या भ्रमणातले फेरही साधारण तेवढ्याच काळाचे आहेत.

यावर आक्षेप असा, की वर्षभराचे एकूण ऊन जवळपास तेवढेच राहते, फक्त ऋतूंमधली वाटणी बदलते. शिवाय उत्तरेचा उन्हाळा मंदावतो तेव्हा दक्षिणेचा प्रखर होऊ शकतो, मग दक्षिणही का गारठते? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर समुद्रात आहे. नुसत्या थंडीने हिमथर वाढत नाहीत, त्यांना बाष्प लागते. सुमारे १,१५,००० वर्षांपूर्वी उत्तरेचे उन्हाळ्यातले ऊन घटले, तरी उत्तर अटलांटिक उबदार होता, असे रुडिमन आणि मॅकिंटायर यांनी १९७९मध्ये दाखवले. ती ऊब दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाहांची. तिथल्या बाष्पाचे हिम जवळच्या थंड भूमीवर पडू शकले. पुढे खोल समुद्राने कार्बन साठवला, हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८०वरून १८०च्या आसपास उतरला आणि दोन्ही गोलार्ध एकत्र गारठले. वेळ ऊन ठरवते, पण हिमयुग घडवतो समुद्र.

पुढचे हिमयुग आजची तापमानवाढ परस्पर निस्तरेल, असेही कोणी म्हणतात. तो भरवसा खोटा आहे. पृथ्वीची कक्षा सध्या वर्तुळाकाराजवळ आहे, त्यामुळे उत्तरेच्या उन्हाळ्यात मोठी घट नजीक नाही, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ४२०च्या वर गेला आहे. हिमयुगाचे कोडे ऊन आणि समुद्र मिळूनच सुटते, तेव्हा खगोल आणि सागर या दोन्ही शाखांच्या मंडळींनी या सभेत वेगवेगळ्या दालनांत बसू नये, एकमेकांचे आलेख समोर ठेवून भांडावे, अशी यजमान म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे.