घाटावरची सीमा आणि कामकऱ्याची रजा

निरनिराळ्या देशांतील कामकऱ्यांना मिळणाऱ्या रजेचे आकडे वाचले की, त्यांवरून त्या त्या राष्ट्राच्या स्वभावाविषयी अनुमान काढण्याचा मोह सुशिक्षितांसही आवरत नाही. फ्रेंच मनुष्य सुखासीन म्हणून त्यास पाच आठवड्यांची रजा, अमेरिकन उद्योगी म्हणून त्यास ती नकोशी, आणि भारतीय मनुष्य सणावारांत रमणारा म्हणून त्यास निराळ्या रजेची गरजच नाही, असे सहज बोलले जाते. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. रजा जर स्वभावातून उपजत असेल, तर तिच्यासाठी खटपट करण्यात अर्थ उरत नाही. ती कायद्यातून येत असेल, तर ती कोणास मिळते व कोणास नाही याचा जाब समाजास द्यावा लागतो.

उत्तर शोधण्यास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्यातील कन्नड तालुका त्यास पुरेसा आहे. कन्नडहून चाळीसगावकडे निघालेला प्रवासी औट्रम घाट उतरून खानदेशात येतो. आज ही एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांची सीमा आहे. 1947 पर्यंत मात्र घाटाच्या माथ्यावर निजामाचा अंमल होता व पायथ्याशी इंग्रजांचा. दोन्हीकडची भाषा मराठी, शेती ज्वारी-कापसाची आणि सणवारही तेच. रजेचा कायदा मात्र एक नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांतील कामकऱ्यांना आठवड्याची सुटी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागण्यासाठी चळवळ उभारली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे त्यांनी मालकांपुढे मांडले, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस मराठी कामकऱ्याने आपल्या दैवताच्या नावाने मागितला! 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली आणि 1891 च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुटीस मान्यता दिली. परंतु हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. औरंगाबादेत कापसाची गिरणी 1889 साली उभी राहिली होती. पण तिच्या कामकऱ्यांस या कायद्याचा आधार नव्हता, कारण तो घाट चढून येत नव्हता. निजामाच्या सरकारी कचेऱ्यांस शुक्रवारची सुटी असे. घाटाखाली कचेरी रविवारी बंद, घाटावर शुक्रवारी; माणसे तीच, विसाव्याचा वार मात्र राज्यकर्त्याने ठरविलेला.

पुढे मुंबई प्रांताने 1929 साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिकालीन लाभाचा कायदा केला. त्याच्या विधेयकास 1928 साली प्रांतिक कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला. मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. राष्ट्रहित आणि कामकरी स्त्रीची रजा यांची इतकी उघड सांगड त्यापूर्वी क्वचितच घातली गेली असेल. पण हाही कायदा प्रांताचा. संस्थानच्या हद्दीत तो चालत नव्हता.

आता परदेशांकडे पाहावे. फ्रान्समध्ये सर्व कामकऱ्यांस दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा जून 1936 मध्ये झाला, तो देशव्यापी संपानंतर. 1956 साली तिचे तीन आठवडे, 1969 साली चार आणि 1982 साली पाच झाले. या अवधीत फ्रेंच माणसाचा स्वभाव चार वेळा बदलला असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो कायदा. इंग्लंडने पगारी सुटीचा कायदा 1938 साली केला. उलट अमेरिकेत खाजगी मालकाने पगारी वार्षिक रजा द्यावी अशी सक्ती करणारा संघराज्याचा कायदा आजही नाही. तेथील 1993 च्या कायद्याने प्रसूती व आजारपण यांसाठी 12 आठवड्यांची रजा मिळते, पण तीही बिनपगारी.

भारतात भरपगारी रजेचा नियम 1945 साली, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना, कारखाना कायद्यात आला. 1948 च्या कायद्याने कामाच्या दर 20 दिवसांस एक दिवस असे तिचे प्रमाण ठरविले. वर्षात 240 दिवस भरल्याची अट पुढे आली. 2020 च्या संहितेने ती 180 दिवसांवर आणली. 2017 पासून प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांपुरती 26 आठवड्यांची झाली आहे. येथे भारताचा कायदा अमेरिकेच्या पुष्कळच पुढे गेला, हे अभिमानाने सांगता येते.

परंतु हा अभिमान तपासून घेतला पाहिजे. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि 1960 साली घाटाचा माथा व पायथा एका महाराष्ट्रात नांदू लागले. राज्यांची सीमा पुसली गेली; रजेची सीमा मात्र पुसली गेली नाही. ती आता हजेरीपटाशी येऊन थांबली आहे. ज्याचे नाव पटावर, त्यास रजा. ज्याचे नाही, त्यास काही नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते. आणि आजारपणाने वा बाळंतपणाने एक दिवस चुकला, तर तो ‘खाडा’ धरून वर दंडही बसतो. 26 आठवड्यांच्या रजेचा कायदा करणाऱ्या देशातच विसाव्याच्या एका दिवसाची किंमत मोजावी लागणारी आई आहे.

हा ‘खाडा’ शब्द शहरातील सुशिक्षित घरांसही अनोळखी नाही. धुण्याभांड्यांस येणारी बाई एक दिवस आली नाही, तर दिनदर्शिकेवर तिच्या नावे हाच शब्द लिहिला जातो. स्वतःच्या कचेरीत जिला ‘रजा’ म्हणावयाचे, तिलाच दुसऱ्याच्या बाबतीत ‘खाडा’ म्हणावयाचे, हा भेद कोणत्याही परक्या राज्यकर्त्याने लादलेला नाही. तो मोडण्यास संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. महिन्यातील ठरावीक दिवस पगारासह तिच्या हक्काचे म्हणून त्याच दिनदर्शिकेवर आधी लिहून ठेवले, तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या राष्ट्राशी आपली तुलना करावयाची ती त्यानंतर.