दारफाळणीचा सण

कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, प्रायश्चित्ताच्या उपवासाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दारे लावून दिवसभर घरात राहायचे! शिवाजी पार्कवरच्या आपणांस हा शब्द परका वाटू नये.

यहुदी धर्मशास्त्रात अजाणता घडलेल्या पापासाठी ‘हत्तात’ हे अर्पण असे; काही पापांत गरिबाचे कबुतरांवर, अगदी पिठावरही भागे. ‘आशाम’ची निमित्ते अनेक, पण आम्हांस मोलाचे वाटते ते लुबाडणुकीचे. माल धन्याला परत, वर पाचवा हिस्सा, मगच एडका वेदीवर.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. अर्पणे थांबली, प्रार्थना आणि उपवास उरले. तरीही मिशना बजावतो की, शेजाऱ्याचा केलेला अपराध त्याची समजूत काढल्यावाचून या उपवासाने फिटत नाही. म्हणजे दार लावण्याआधी शेजाऱ्याकडे जाऊन यायचे.