शालेय ग्रंथालयाचे दुसरे कपाट

(शिक्षक, ग्रंथपाल व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या शासकीय सेवेचा आरंभ कात्रणांपासून झाला. कार्यालयात येणाऱ्या वृत्तपत्रांतून जिल्ह्याशी संबंधित मजकूर कापावयाचा, कागदावर डकवून त्यावर दिनांक लिहावयाचा आणि विषयवार नस्तीत ठेवावयाचा, हे माझे काम. नव्या उमेदीच्या भरात पहिल्याच आठवड्यात मी निम्मी वृत्तपत्रे कापून काढली. वरिष्ठांनी ती चवड चाळली आणि एवढेच म्हणाले, ''साहेबांना कात्रणे हवी आहेत, रद्दी नव्हे.''

इंटरनेटवरील साहित्याची शालेय ग्रंथालयासाठी निवड करावयाची म्हणजे हेच कात्रणांचे काम होय. साहित्याला तोटा नाही. मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचावयास मिळतो. बालभारतीने 1971 साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक तेथे उपलब्ध आहेत. 2017 पासूनचे 'दीक्षा' व्यासपीठ, खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, 'स्टोरीवीव्हर'वरील मराठी बालकथा अशी कितीतरी नावे सांगता येतील. परंतु सातवीतील मुलाने 'दुष्काळ' हा एक शब्द टंकलिखित केला की त्याच्यापुढे पानांचा जो डोंगर उभा राहतो, त्यातले कोणते पान त्याच्या वयाचे, कोणते विश्वासार्ह, हे त्याला कोणी सांगावयाचे? डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. त्या काळी प्रश्न पुस्तके मिळण्याचा होता, आज निवडण्याचा आहे.

'पॅडलेट', 'वेकलेट' यांसारखी साधने येथे उपयोगी पडतात. शाळेतील सूचनाफलकासारखाच हा पडद्यावरचा फलक असतो. त्यावर दुवे, छायाचित्रे, ध्वनिफिती लावता येतात आणि संपूर्ण फलकाचा एक क्यूआर कोड काढता येतो. तो कागदावर छापून ग्रंथालयाच्या कपाटाला, त्या विषयाच्या पुस्तकांशेजारी चिकटवावा. म्हणजे पुस्तक आणि पडदा यांची फारकत होत नाही.

एक उदाहरण घेऊ. विषय : आपल्या गावचे पाणी. फलकावर विश्वकोशातील भूजलाविषयीची नोंद असावी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आपल्या जिल्ह्यातील नद्या, तलाव, विहिरी यांचे जे वर्णन आहे तेही असावे. मूळ इंग्रजी असल्याने शिक्षकांनी त्यातील दोन परिच्छेदांचा मराठी सारांश स्वतः लिहावा. सरपंचांनी गावातील विहिरींच्या पाणीपातळीची जी नोंद असेल ती द्यावी. आणि गावातील एखाद्या आजीबाईने 1972 च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामाची सांगितलेली आठवण मुलांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून लावावी. माझ्या मते या फलकातील सर्वांत मोलाची वस्तू हीच होय, कारण ती जगातील दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात नाही. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी अवश्य लिहाव्यात : हे कोणत्या इयत्तेसाठी आणि यातून काय मिळेल. या दोन ओळी लिहिण्यासाठी शिक्षकाला ते साहित्य प्रथम स्वतः पाहावे लागते. निवड होते ती तेथेच. एका फलकावर दहा-बारा वस्तू पुष्कळ झाल्या.

आता माझीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका साधनावर मी मोठ्या हौसेने शेकडो दुवे जमविले होते. एके दिवशी ती सेवाच बंद झाली आणि माझ्यापाशी यादीसुद्धा उरली नाही. हा अनुभव अपवादात्मक नव्हे. 'स्टोरिफाय' ही एके काळी बरीच वापरात असलेली सेवा 2018 साली बंद पडली. सबब, फलक कोठेही असो, त्याची यादी शाळेच्या नोंदवहीत हाताने उतरवून ठेवावी.

कायद्याच्या दोन गोष्टी थोडक्यात. दुवा देणे वेगळे आणि संपूर्ण पुस्तकाची प्रत फलकावर चढविणे वेगळे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क सामान्यतः त्याच्या निधनानंतर 60 वर्षे राहतो. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके 2011 पासून मुक्त आहेत. हयात लेखकाच्या पुस्तकाबाबत मात्र अनुमती घ्यावी. दुसरे असे की, मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक फलकावर देऊ नयेत. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने याबाबत पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. फलकावर कोणालाही परस्पर लिहिता येणार नाही, शिक्षकांच्या मान्यतेनंतरच मजकूर दिसेल, अशी व्यवस्था 'पॅडलेट'मध्ये करता येते. ती आरंभीच करावी.

ज्या घरी मोबाईल एकच आहे आणि तो वडिलांबरोबर शेतावर जातो, त्या घरच्या मुलीचे काय, असा प्रश्न मघाशी एका भगिनींनी विचारला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर साधनात नाही. ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी चालू असेल तर शाळा सुटल्यावर एक तास तेथील संगणक मुलांना मोकळा करून द्यावा. हा ठराव करण्यास मासिक सभा पुरेशी आहे. जेथे तेही शक्य नाही तेथे फलकावरील निवडक पाने छापून कपाटात ठेवावीत.

नोंदवहीचा एक नमुना मी सोबत आणला आहे. अनुक्रमांक, विषय, दुवा, इयत्ता, निवडणाऱ्याचे नाव आणि दुवा शेवटचा तपासल्याचा दिनांक असे सहाच रकाने आहेत. दर वर्षी जूनमध्ये शेवटचा रकाना नव्याने भरावयाचा. नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा.