दुहेरी दुखण्याची शुश्रूषा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी ज्या रुग्णाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याचे दुखणे दुहेरी असते: शरीर व्याधिग्रस्त आणि मनही व्याधिग्रस्त. अशांचा कैवारी आपल्या संतांतच आहे. सोळाव्या शतकात स्पेन देशी ग्रानाडा शहरात देवाचा संत योहान यास लोकांनी वेडा ठरवून इस्पितळात कोंडिले. वेडावर फटके हाच त्या काळचा उपचार. तो मार त्याने सोसला, आणि सुटल्यावर स्वतः इस्पितळ काढून गोरगरीब रोग्यांची सेवा केली. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी त्यास व संत कमिल यास परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले.

आज फटके गेले. दुर्लक्ष गेले नाही. मनोरुग्ण पोटदुखी सांगू लागला, की 'हे नेहमीचेच' म्हणून काणाडोळा होतो व खरे दुखणे आत वाढत राहते. उलट, मधुमेह्याची रक्तातील साखर एकाएकी उतरली, की तो असंबद्ध बोलू लागतो. वृद्धास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, तर तो घरच्यांसही ओळखीनासा होतो. लोक त्यास वेड म्हणतात, किंवा बाहेरची बाधा. शिकलेली परिचारिका आधी साखर तपासते, ताप पाहते, आणि हा पालट केव्हापासून झाला हे नातलगांस विचारते.

औषधांचेही ज्ञान हवे. लिथियम घेणाऱ्यास जुलाब-वांत्या लागल्या, तर ते रक्तात साचून विषासमान होते. मनोविकारावरील कित्येक औषधांनी वजन व साखर वाढते. तेव्हा मनोरुग्णांच्या परिचारिकेने रक्तदाब व साखर पाहावी. आणि सामान्य वॉर्डातील परिचारिकेने, रोगी गोळ्या का टाळतो, अन्न का नाकारतो, त्यास जीव नकोसा झाला आहे काय, हे सौम्य शब्दांत विचारण्यास शिकावे. विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत खोटी आहे.

आपल्या देशात परिचारिकांच्या अभ्यासक्रमात मानसिक शुश्रूषेचा विषय आहे. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास इतर रोग्यांच्या बरोबरीने उपचार मिळण्याचा हक्कही दिला आहे. परंतु ही शिक्षणे दोन वॉर्डांत दिली जातात, आणि रोगी मात्र एकच असतो. एकाच रोग्याची दोन्ही दुखणी एकत्र पाहावयास शिकविणे, हेच खरे काम होय.

धर्मग्रामस्थहो, आपली कन्या ही शुश्रूषा शिकू म्हणाली, तर 'वेड्यांत कशाला जातेस?' असे म्हणू नका. घरातील असा रोगी लाजेस्तव लपवू नका. त्याच्या खाटेपाशी प्रभूच आपली वाट पाहत आहे.