शाळा सोडणाऱ्या वर्गाचें मृत्युपत्र

मृत्युपत्र हा शब्द ज्या घरांत उच्चारला जातो त्या घरांत बहुधा कोणी हंसत नाहीं. वडील मंडळी आवाज खालीं आणतात, मुलांना बाहेर खेळावयास पाठविलें जातें, आणि वकिलांच्या वहाणा दाराशीं दिसल्या कीं शेजारीहि चुकचुकूं लागतात. अशा गंभीर कागदाचा खेळ करून त्यावर पोट धरून हंसणारीं मुलें जगांत आहेत, असें सांगितलें तर पुष्कळांना तें अभद्र वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा खेळ शंभराहून अधिक वर्षें चालत आलेला आहे, आणि तो खेळणारीं मुलें वाह्यात नसून परीक्षा उत्तीर्ण होऊन मानानें शाळेबाहेर पडणारीं असतात.

तेथील हायस्कूल सामान्यतः चार वर्षांचें असतें. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तो फ्रेशमन, दुसऱ्याचा सोफोमोर, तिसऱ्याचा जूनियर आणि चौथ्याचा सीनियर. सोफोमोर या शब्दांत ग्रीक भाषेंतील शहाणा आणि मूर्ख असे दोन शब्द एकत्र नांदतात, असें तेथें गमतीनें सांगतात. व्युत्पत्ति शास्त्राला धरून नसली तरी त्या वयाच्या मुलांना ज्यांनीं शिकविलें आहे त्यांना ती पटल्यावांचून राहणार नाहीं. मे अथवा जून महिन्यांत सीनियर वर्गाला निरोप दिला जातो. पूर्वीं या निरोपाच्या सुमारास 'क्लास डे' नांवाचा एक स्वतंत्र दिवस पाळण्याची चाल होती. हार्वर्डसारख्या जुन्या महाविद्यालयांची ती चाल हायस्कुलांनीं उचलली. त्या दिवशीं वर्गाचा इतिहास वाचला जाई, वर्गाचें काव्य म्हटलें जाई, वीस वर्षांनंतर कोण काय झालेला असेल याचें भविष्य वर्तविलें जाई, आणि मग वर्गाच्या मृत्युपत्राचें वाचन होई. पुढें तेंच 'यीअरबुक' नांवाच्या सचित्र वार्षिकांत किंवा शाळेच्या वृत्तपत्रांत छापलें जाई. हा सगळा थाट आतां पुष्कळ ठिकाणीं उरलेला नाहीं; परंतु मृत्युपत्र मात्र कांहीं शाळांच्या वृत्तपत्रांत आजहि पाहावयास मिळतें.

त्याची भाषा अस्सल वकिली. अमुक सालचा सीनियर वर्ग, पूर्ण शुद्धीवर असतांना व कोणाच्याहि दडपणावांचून, हा लेख लिहून ठेवीत आहे, अशी सुरुवात. येथेंच पहिला हंशा पिकतो, कारण वर्ग शुद्धीवर आहे या विधानाला पुढें बसलेल्या शिक्षकवर्गापैकीं एकहि साक्षीदार मिळण्यासारखा नसतो. नंतर सामाईक मालमत्तेची वांटणी. सभागृहांतील पुढच्या खुर्च्या आणि लहान वर्गांकडे तुच्छतेनें पाहण्याचा हक्क जूनियरांना. मुख्याध्यापकांना चार वर्षें हरवलेली मनःशांति. झाडलोट करणाऱ्या सेवकाला मेजांच्या खालच्या बाजूस चिकटविलेला च्युइंग गम.

खरी बहार येते ती वैयक्तिक देणग्यांत. येथें कोणी घड्याळ किंवा पुस्तक देत नाहीं. दिला जातो स्वभाव. एखादा मुलगा, घंटा होऊन गेल्यावर वर्गांत शिरतांना रोज नवें आणि तरीहि विश्वसनीय कारण सांगण्याची आपली हातोटी अशा एका जूनियराला देतो कीं, ज्या बिचाऱ्याचें आतांपर्यंत दोनच कारणांवर भागत होतें. बास्केटबॉलच्या संघांतील ताडमाड मुलगा आपल्या उंचीचे वरचे चार इंच संघांतल्या सर्वांत ठेंगण्या गड्याच्या नांवें करतो. एक मुलगी आपलें खळखळून हंसणें एका अबोल मैत्रिणीला देते आणि त्याबरोबर वाचनालयांतून बाहेर काढलें जाण्याचा मानहि. जोडीनें बडबडणाऱ्या दोन मैत्रिणी ती बडबड अविभक्त मालमत्ता म्हणून दुसऱ्या दोघींना देतात. अट एवढीच कीं, शिक्षकांनीं त्यांना वेगळें बसवूं नये. लॅटिनच्या पुस्तकांत ओळींच्या मधोमध पेन्सिलीनें लिहिलेले अर्थ वारशांत गेले तर ती एकच देणगी अशी कीं, जिचा उपयोग दुसऱ्या दिवशीं रोकडा होतो. एखादा महाभाग मात्र आपली ऐट कोणालाच देत नाहीं. पुढें कॉलेजांत तिची गरज पडेल म्हणून ती बरोबर घेऊन जात असल्याचें तो जाहीर करतो.

कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर या दस्तऐवजाला कवडीची किंमत नाहीं. माणूस मेल्यावांचून मृत्युपत्र अमलांत येत नाहीं, आणि येथें मृत्युपत्र करणारे संध्याकाळीं नृत्याला जावयाचे असतात. परंतु खेळ बसविणाऱ्यांनीं एक गोष्ट अचूक ओळखली. जून महिन्यांत वर्ग नांवाची वस्तु खरोखरच संपते. तींच मुलें पुन्हां त्याच खोलींत, त्याच क्रमानें, त्याच घंटेला कधींहि बसणार नसतात. संपणाऱ्यानें मागें राहणाऱ्यांची कांहीं तरतूद करून जावें, ही जगाची रीत मुलांनीं उचलली. आणि देण्याजोगें जवळ दुसरें कांहींच नसल्यामुळें त्यांनीं आपल्या खोडी दिल्या.

खोडी आपण होऊन दुसऱ्याच्या पदरांत घालावयाच्या तर त्या आधीं आपल्या आहेत हें कबूल करावें लागतें. आपल्याकडील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत 'फिशपॉण्ड' म्हणून जो प्रकार रूढ झाला तो याचा दूरचा भाऊबंद शोभेल. तेथेंहि दोषांचीच थट्टा. पण फिशपॉण्डच्या चिठ्ठीखालीं नांव नसतें, मारणारा अंधारांत उभा असतो. अमेरिकन मृत्युपत्रांत देणाऱ्याचें नांव घेणाऱ्याच्या आधीं येतें. आपण आळशी, उशिरा येणारे, बीजगणिताला भिणारे, हें सर्वांसमक्ष मान्य केल्यावरच त्या गुणाला वारस नेमतां येतो. थट्टेंत हा एक सभ्यपणा आहे.

वारस नेमावयाचा तर तो ओळखीचा हवा. तेथील हायस्कुलांत विद्यार्थी पुष्कळसे विषय स्वतः निवडतात, त्यामुळें एकाच तासाला दोन निरनिराळ्या वर्षांचे विद्यार्थी शेजारीं बसूं शकतात. शिवाय वाद्यवृंद, गायनमंडळ, नाटक, खेळाचे संघ, शाळेचें वृत्तपत्र यांत चारहि वर्षांचीं मुलें मिसळतात. सीनियर मुलाला धाकटा मुलगा ठाऊक असतो तो असा, एकाच संघांत घाम गाळून. जेथें वरचा वर्ग खालच्या वर्गाला फक्त प्रार्थनेच्या रांगेंत पाहतो तेथें असलें मृत्युपत्र करूं म्हटलें तरी वारसाचें नांवच आठवावयाचें नाहीं.

मृत्युपत्राची थट्टा मात्र अमेरिकनांनीं शोधून काढलेली नव्हे. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत रोमन जगांतील शाळकरी पोरें एका डुकराच्या पिल्लाचें लॅटिन मृत्युपत्र म्हणून दाखवीत व खिदळत, असा उल्लेख बायबलचा प्रसिद्ध भाषांतरकार संत जेरोम यानें केला आहे, अर्थात् नापसंतीनें. तें मृत्युपत्र आजहि उपलब्ध आहे. आचारी सुरी घेऊन उभा असतां पिल्लू मुदत मागून घेतें आणि आपल्या देहाची वांटणी करतें. राठ केस चांभारांना, कान बहिऱ्यांना, जीभ वकिलांना, आणि फुगवून खेळावयाला मूत्राशय मुलांना. सोळाशें वर्षांपूर्वींचा हा विनोद शाळेंतच टिकला, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुढें १४५६ सालीं पॅरिस विद्यापीठाचा पदवीधर कवि फ्रांस्वा व्हियों यानें शहर सोडण्याच्या निमित्तानें थट्टेच्या देणग्यांचें एक काव्य रचलें. त्यांत कापलेले केस न्हाव्याला आणि जुने जोडे चांभाराला देऊन तो मोकळा झाला. शहर सोडण्याचें खरें कारण एका विद्यालयांतील चोरी हें होतें. परंतु तो भाग अमेरिकन शाळांनीं अनुकरणासाठीं घेतला नाहीं.

हा खेळ एवढा पसरला कसा, याचें उत्तर हायस्कुलांच्या वाढींत आहे. बोस्टन येथें अमेरिकेंतील पहिलें सार्वजनिक हायस्कूल १८२१ सालीं निघालें. लोकांच्या करांतून हायस्कूल चालविणें कायदेशीर आहे, हा मिशिगन संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाचा सुप्रसिद्ध निकाल १८७४ मधला. तरीहि १९१० सालीं अठरा वर्षें वयाच्या शंभर मुलांमुलींपैकीं सुमारें नऊच हायस्कूल पुरें करीत. १९४० मध्यें हा आंकडा पन्नासाच्या आसपास गेला. तीस वर्षांत इतकीं मुलें निरोपाच्या व्यासपीठावर चढलीं तेव्हां त्यांतलीं पुष्कळशीं आपल्या घराण्यांत हायस्कूल पुरें करणारीं पहिलींच होतीं. अशा घरांत यीअरबुक म्हणजे कुटुंबाचें नांव ज्यांत छापलें आहे असें एकुलतें एक पुस्तक. तें कपाटांत जपून ठेवीत आणि पाहुण्यांना दाखवीत.

म्हणूनच त्यांतली एक ओळ जड होऊन बसते. वर्गांत कोणी कोणाला चिडविलें तर तें सायंकाळपर्यंत विरून जातें. छापलेलें जात नाहीं. लठ्ठ मुलीला कोणी आपली भूक दिली, अडखळत बोलणाऱ्या मुलाला कोणी आपलें वक्तृत्व दिलें, तर सभागृह क्षणभर हंसतें आणि तें मूल वर्षानुवर्षें तें पान उघडत नाहीं. यासाठींच बहुतेक शाळांत एक शिक्षक मजकूर आधीं वाचून खाडाखोड करतो. मुलें फार चलाख. वरकरणी सोज्ज्वळ दिसणाऱ्या वाक्यांत ज्यांचें त्यांनाच कळावें असें कांहीं दडवून ठेवतात, आणि छपाईनंतर तें पालकांना कळतें. अशा प्रसंगांना कंटाळून कांहीं शाळांनीं ही प्रथाच बंद केली. बंद करणाऱ्यांना दोष देववत नाहीं. तथापि त्यांनीं सोपा मार्ग पत्करला, असेंहि म्हणावें लागतें. खाडाखोड करणारा शिक्षक त्या निमित्तानें मुलांना चिमटा आणि जखम यांतला फरक शिकवीत असतो, आणि हा धडा कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नसतो.

याहून बारीक दुःख दुसरेंच आहे. ज्याला कोणीच कांहीं दिलें नाहीं त्याचें काय? तो यादी वरपासून खालपर्यंत दोनदां वाचतो, आपलें नांव नाहीं हें पाहतो, आणि सर्वांबरोबर हंसतो. हें ध्यानांत घेऊन एखादी जाणती संपादक मुलगी राहून गेलेल्या नांवांची वेगळी यादी करते आणि वर्गाच्या सामाईक मालमत्तेंतून प्रत्येकाला कांहीं ना कांहीं लावून देते. सतरा वर्षांच्या मुलीनें केलेली ही कारकुनी सभागृहांत कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

एक काळ असा आला कीं, या कागदांवरील थट्टा म्हणणाऱ्यांनाहि जपून म्हणावी लागली. १९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि १९४२ च्या नोव्हेंबरांत सक्तीच्या सैन्यभरतीचें किमान वय वीसवरून अठरावर आणलें गेलें. सीनियर वर्गांतील मुलगा म्हणजे नेमका सतरा-अठरा वर्षांचा. आई पुढच्या रांगेंत बसलेली, आणि पोरगा आपली धांवण्याची चपळाई धाकट्या खेळगड्याला ठेवून चाललेला. वाक्य गेल्या वर्षीं होतें तेंच; ऐकणाऱ्यांना तें तसें ऐकूं येईना. त्या वर्षांच्या यीअरबुकांत, रणांगणावर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ राखलेलीं पानें आढळतात. तीं पानें आणि थट्टेचीं पानें एकाच बांधणींत शिवलेलीं आहेत.

अमेरिकेंतील गांवोगांवच्या सार्वजनिक ग्रंथालयांनीं असलीं जुनीं यीअरबुकें जपून ठेविलीं आहेत, आणि अनेकांनीं अलीकडे त्यांच्या पानांचीं छायाचित्रें संगणकावर सर्वांस खुलीं केलीं आहेत. त्यामुळें पणजोबांनीं शाळा सोडतांना आपली बीजगणिताची भीति कोणाच्या नांवें करून दिली होती, हें एखाद्या पणतवाला आतां घरबसल्या वाचतां येतें. इतक्या जुन्या आणि साक्षीदारांनीं सही केलेल्या देणगीनंतरहि ती भीति त्याच्याच घरांत शिल्लक कशी राहिली, याचा उलगडा मात्र त्या पानावर नसतो.